आधी फांदी, मग मूळ

पाचपावलीच्या त्या बोळात एके काळी घरागणिक माग होता. आता एकच उरला होता, आणि तो चालवणारा म्हातारा ऐंशीकडे झुकला होता. सोसायटीकडून सूत यायचं, विणलेले पंचे सोसायटीत जायचे. मुलगा एसटीत होता, घर त्याच्या पगारावर चालायचं, पण म्हाताऱ्यानं माग सोडला नव्हता. सकाळी पाचला उठून वंदना, मग चहा, मग धोटा. बोळातली मुलं त्या खटखटीवर घड्याळ लावत.

नात नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. दसऱ्याला आठवडा असताना एका दुपारी ती घरी आली, दप्तर खाटेवर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. वर्गातली एक मुलगी तिला काहीतरी बोलली होती. भांडणात बोलली असती तर हिनं उलटून उत्तर दिलं असतं. पण ती डबा खाता खाता, हसत, अगदी मायेनं म्हटल्यासारखी म्हणाली होती, “तुम्ही लोक कितीही शिका, पण मूळ जात नाही गं.” आणि पुढचा घास घेतला होता.

संध्याकाळी विहारात जायचं होतं. वर्षावासाचे तीन महिने नागपूरच्या वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. बाबासाहेब गेले 1956 च्या डिसेंबरात, ग्रंथ छापून आला 1957 मध्ये, आणि दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या विहारात तो कोणीतरी मोठ्यानं वाचत असतं. त्यांच्या विहारात वाचायचं काम नातीकडे होतं, कारण तिचा आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांपर्यंत पोचायचा. त्या संध्याकाळी नेमकं अनित्यतेचं आणि शून्यतेचं पान आलं. वाचन संपल्यावर मागून एका काकांनी विचारलं, “शून्यता म्हंजे काहीच नाई का मंग?” कुणाला नीट सांगता येईना. साधू साधू म्हणून सगळे उठले.

घरी येताना तिच्या डोक्यात दोन वाक्यं एकमेकांवर आपटत होती. एक म्हणतं, मूळ कधी जात नाही. दुसरं म्हणतं, काहीच नाही. पहिलं खरं असेल तर शिकून काय उपयोग? आणि दुसरं खरं असेल तरी शिकून काय उपयोग?

तिला ठाऊक नव्हतं, पण ज्या दोन भिंतींमध्ये ती अडकली होती त्या फार जुन्या आहेत. सगळं आहे तसंच कायम राहतं, ही एक टोकाची समजूत. आणि सगळं मुळी नाहीच, ही दुसरी. कात्यायन नावाच्या भिक्खूला बुद्धांनी या दोन्ही टोकांपासून लांब राहायला सांगितलं होतं. त्या उपदेशाची आठवण पुढे नागार्जुनानं आपल्या मूलमध्यमककारिकेत आवर्जून केली आहे. हा नागार्जुन म्हणजे परंपरेनं विदर्भाचा मानलेला महापंडित. नागपूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामटेकला एक टेकडी आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. सत्तावीस प्रकरणांच्या त्या ग्रंथात तो पुन्हा पुन्हा एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगांनी दाखवतो: जे जे कशाच्या तरी आधारानं उभं आहे, त्याला स्वतःचं असं सुटं, कायमचं मूळ नसतं. त्या मुळाच्या नसण्यालाच तो शून्यता म्हणतो. आणि शून्यता भलत्या जागी धरली तर भलत्या जागी धरलेल्या सापासारखी ती धरणाऱ्यालाच डसते, असंही बजावतो.

आज्यानं नागार्जुन वाचलेला नव्हता. पण तो विणकर होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. नात उठली तर आजा मागापाशी जमिनीवर बसलेला, शेजारी वाटीत चुलीची राख.

“ये वं पोरी. ताना संपला. हात लाव थोडा.”

कापड कापून काढलं होतं. जुन्या ताण्याची वीतभर टोकं तेवढी फणीतून ओवलेली, माशाच्या मिशांसारखी लोंबत होती. ही टोकं विणकर काढून टाकत नाही. नव्या ताण्याची एकेक तार घ्यायची, जुन्या एकेका टोकाला लावायची, बोटांना किंचित राख लावून अंगठा आणि तर्जनीत धरून पीळ द्यायचा, आणि पुढची तार घ्यायची. अशा दोन-अडीच हजार तारा. सगळ्या सांधून झाल्या की हलक्या हातानं ओढायचं. जुनी टोकं नव्या तारांना फणीतून आपल्यामागे घेऊन येतात. म्हाताऱ्याची बोटं धान्य निवडल्यासारखी चालायची. नातीच्या हातून तार निसटायची, पीळ उलगडायचा. पहिल्या तासात तिच्या शंभरही झाल्या नाहीत.

“आबा, मूळ म्हणजे काय हो?” तिनं शेवटी विचारलंच, आणि कालचं सगळं सांगितलं. डब्याचं, हसण्याचं, विहारातल्या प्रश्नाचंही.

आज्यानं लगेच उत्तर दिलं नाही. हातातली तार सांधून झाल्यावर म्हणाला, “हे जुनं टोक तुया हातात आहे ते कोनत्या कापडाचं?”

“मागच्या पंच्यांचं.”

“आन् ते ज्याले सांधलं होतं ते?”

“त्याच्या आधीच्या कापडाचं.”

“हा माग माया बापानं मांडला. तवापासून फनी बदलली, लाकडं बदलली, पन ताना कधी पुरा तुटू देल्ला नाई. सांधत आलो. आता सांग, उद्या जे कापड निघन ते बापाच्या तान्याचं म्हनाचं, का नवं म्हनाचं?”

तिनं विचार केला. “त्यांच्या वेळचं एकही सूत आज यात नाही.”

“नाई ना.”

“पण ते नसतं तर हेही इथं आलं नसतं.”

आजा काही बोलला नाही. पुढची तार तिच्याकडे सरकवली. तिच्या बोटांत यावेळी पीळ बसला.

बराच वेळ दोघं मुकाट्यानं सांधत राहिली. मग आजा आपणहून बोलायला लागला, मागाकडे बघतच.

“मी आठ वर्साचा असन. बापासंगं इतवारीत जाचो, माल द्याले. एका शेठकडं आमचं लुगडं जाये. गठ्ठा ओट्यावर ठेवाचा आन् मागं सराचं. मंग मुनीम पानी शिंपडे, तवा गठ्ठा उचले. पैसे वरून टाके. एक डाव मी पाहिलं, त्याच शेठच्या घरची बाई आमच्या मागावरचं लुगडं नेसून पूजेले बसली होती. किनार माया मायच्या हातची, मले ते ओळखू ये. वाटंनं मी बापाले विचारलं, बाबा, विटाळ कापडाले लागते का आपल्याले?

“बाप काही बोलला नाई. रातच्याले चिमनीपाशी बसवलं. लुगड्याची एक वीतभर चिंधी देल्ली हातात. म्हने, शोध.

“मी एक तार काढली. पाहिली. पांढरी. दुसरी काढली. मंग उभ्या झाल्या, आडव्या झाल्या. डोळे दुखले माये. आखरीले मांडीवर सुताचा गोळा राह्यला. बाप म्हने, सापडला विटाळ? म्या म्हटलं, नाई. बाप म्हने, आन् कापड? पाहतो तं कापडही नाई! मी रडाले लागलो. मले वाटलं, म्या मोडून टाकलं, आता काहीच नाई राह्यलं.”

नातीचे हात थांबले होते.

“बाप हासला. म्हने, रडतं कायले, सूत आहे, माग आहे, तुये हात आहेत, पुन्हा विनू. कापड होतं तवा खरंच होतं, अंग झाकत होतं. पन सुताबाहेर, हाताबाहेर, मागाबाहेर ते वेगळं कुठं बसून नव्हतं. आन् विटाळ तं सुतातही नव्हता. तो शिंपडन्यात होता. पैसे वरून टाकन्यात होता. आन् आपल्या मागं सरन्यात होता. तो बी असाच विनलेला आहे, म्हने, तीन तारांचा. त्यातल्या दोन मुनिमाच्या हातात. एक आपल्या.”

“मग?”

“मंग काय. पुढच्या बाजाराले बापानं गठ्ठा ठेवला आन् मागं सरला नाई.”

“मग मुनीम काय म्हणाला?”

“तो कायले काही म्हनते. पानी तसंच हातात धरून उभा राह्यला. शेठनं सूत बंद केलं. दोन महिने घरात माग उभाच होता. मायनं बिडीच्या पानाचं काम केलं. मले आठवते, त्या दोन महिन्यांत भाकरीसंगं नुसती चटनी. मंग दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं सूत देल्लं, त्यानं हातातून घेतला माल.”

हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान नव्हता. भाकरीची आठवण होती.

मला या ठिकाणी थांबून एक म्हणावंसं वाटतं. शून्यतेवर मोठमोठे ग्रंथ आहेत, आणि तंतू व पट हा दाखला त्यांतल्या वादांत शेकडो वर्षं चालत आला आहे. पण पंडितांच्या वादात सूत उलगडून झालं की वाद संपतो. पाचपावलीच्या त्या चिमणीपाशी मात्र खरं काम तिथून सुरू झालं. ज्याचं मूळ सापडत नाही ते फक्त कारणांवर उभं आहे, आणि कारण म्हटलं की त्यातलं एखादं तरी आपल्या हाताशी असतं. हे असेल तर ते असतं, हे थांबलं तर ते थांबतं: बुद्धांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला तो दुःखाचा उगम दाखवायला, आणि त्याच दोरीनं उलटं चालत दुःख थांबवायला. बाबासाहेबांनी शून्यतेचा अर्थ लावताना याच जागी बोट ठेवलं. शून्यता म्हणजे काही नाही असं नव्हे. क्षणाक्षणाला सगळं बदलतं आहे म्हणून तर सगळं शक्य आहे, असं ते लिहितात. ज्या माणसाला जन्मापासून सांगितलं गेलं की तुझं हे असंच आहे आणि असंच राहणार, त्यानं या वाक्यापाशी केवढा मोठा श्वास घेतला असेल!

संध्याकाळपर्यंत निम्म्या तारा सांधून झाल्या. आजा पाठ सरळ करत म्हणाला, “छप्पन साली याच मागावर पांढरं विनलं होतं.”

ही गोष्ट तिनं आधी ऐकली होती, तरी ती ऐकत राहिली. 1956 चं ते साल. 14 ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला नागपुरात धम्मदीक्षा होणार, येणाऱ्यांनी पांढरी वस्त्रं घालून यावं, असा निरोप वस्त्यांत फिरला होता. गांधीबागेत पांढरं कापड मिळेनासं झालं, असं जुनी माणसं सांगतात. आज्याच्या घरी रंगीत लुगड्यांचं काम चालू होतं. बापानं ते थांबवलं आणि शेजारपाजारच्या बायांसाठी कोरं पांढरं लावलं. किनार नाही, नक्षी नाही. रंगीत ताण्याच्या टोकांनाच पांढऱ्या तारा सांधल्या होत्या. त्यामुळे पहिल्या लुगड्याच्या सुरुवातीला चार बोटं लाल-हिरवं राहिलं होतं आणि मग पांढरं सुरू झालं होतं. ते चार बोटांचं टोक मायनं कापू दिलं नाही. ते आत खोचून ती व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर, आजच्या दीक्षाभूमीवर, गेली. पोराला कडेला धरून. कुशीनगरचे भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईंनी दीक्षा घेतली, मग बाबासाहेबांनी समोरच्या लाखोंना दिली. “दूर होतो आम्ही,” आजा म्हणाला. “बाबासाहेब येवढेसे दिसत. पन आवाज ऐकू आला. माय रडून राहिली होती आन् तोंडानं म्हनत होती.”

दसऱ्याच्या दिवशी आजा आणि नात दीक्षाभूमीला निघाले. ती गर्दी ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायची नाही. मराठवाड्यातून, खानदेशातून, तेलंगणाच्या सीमेवरून आलेली माणसं. पाठीवर गाठोडं, गाठोड्यात भाकरी. रस्त्याकडेला पुस्तकांची दुकानं आणि त्यांपुढे अंगठेबहाद्दर बायासुद्धा नातवासाठी पुस्तक निवडताना. स्तूपाच्या रांगेत उभं राहणं आज्याच्या पायांना झेपणारं नव्हतं. ते दोघं बोधिवृक्षाकडे गेले.

पानं सळसळत होती. पिंपळाला वारा लागत नाही असा क्षण नसतो.

“हे झाड कुठलं, माहीत आहे?”

“श्रीलंकेचं. अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणून लावल्या.” हे तिला शाळेपासून पाठ होतं.

“आन् तिथं कुठून गेलं?”

“बुद्धगयेहून. संघमित्रेनं नेलं, अशोकाच्या मुलीनं.”

“झाड उपटून नेलं का?”

“नाही, फांदी नेली.”

“मंग गयेचं झाड तं असनच अजून, मुळाचं.”

ती गप्प झाली. बुद्धगयेचं आजचं झाडही बुद्ध ज्याच्या खाली बसले ते नव्हे. ते किती वेळा तोडलं गेलं, पडलं. आजचं 19व्या शतकात, जुनं वादळात उन्मळल्यावर पुन्हा लावलेलं. हेही तिनं वाचलं होतं. पण वाचताना कधी असं समोर उभं राहिलं नव्हतं.

“फांदी आनली,” आजा म्हणाला, “तिले मूळ नव्हतं. मातीत लावली, पानी देल्लं, मंग मूळ फुटलं. आधी फांदी, मंग मूळ. आपन मुळाले पहिलं मानतो. ते बिचारं मागून आलं. माती नसती, पानी नसतं, कोनी रोज येऊन पाहिलं नसतं तं आलंही नसतं.” त्यानं खाली पडलेलं एक पान उचलून तिच्या हातात दिलं. “ते पोरगी काय म्हनली होती? सांग बरं, तिच्याच शब्दांत.”

“मूळ जात नाही.”

“थांबून थांबून म्हन.”

“मूळ… जात…” आणि तिला हसू आलं. मूळ जात नाही. जरा वेगळ्या ठिकाणी थांबलं की त्याच तीन शब्दांत, मुळात जात नावाचं काही नाहीच.

परतताना तिचं पाऊल हलकं पडत होतं. बर्डीवर त्यांनी उसाचा रस घेतला. ती म्हणाली, “आबा, उद्या कॉलेज उघडलं की मी तिला चांगलं ऐकवणार आहे.”

“काय ऐकवशीन?”

“हेच सगळं. तिला कळणार नाही म्हणा. ती तशीच आहे. त्यांचं घरच तसं. रक्तातच असतं त्यांच्या.”

आज्यानं ग्लास खाली ठेवला. बोलला काहीच नाही. फक्त तिच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज चालू होता. नातीचा चेहरा हळूहळू उतरला. तिनं हातातलं पिंपळाचं पान उलटं केलं, सुलटं केलं, त्याच्या शिरांवरून बोट फिरवलं.

“तिले घरी बोलाव,” आजा म्हणाला. “दिवाळीपर्यंत हा ताना संपन.”

तिनं लगेच बोलावलं नाही. दोन आठवडे गेले. एकदा डब्याच्या वेळी ती एवढंच म्हणाली, “त्या दिवशी तू जे बोललीस ना, ते मला फार लागलं होतं.” समोरची मुलगी आधी गोंधळली, मग रागावली, मग तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी येऊन म्हणाली, “आमच्या घरी आजी रोज असंच म्हणते. मला वाटायचं ते तसंच असतं.” पुढे दोघींनाही काय बोलावं ते सुचलं नाही.

दिवाळीनंतरच्या रविवारी ती मुलगी पाचपावलीच्या बोळात आली. दारात क्षणभर उभी राहिली. नातीच्या आईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो घेतला, अर्धा प्यायला, मग उरलेलाही प्यायला. आजा मागापाशी बसला होता. ताणा संपला होता, जुनी टोकं लोंबत होती.

“ये बापा, बैस,” तो म्हणाला, आणि राखेची वाटी तिच्याकडे सरकवली.

तिनं बोट राखेत बुडवलं. नातीनं एक नवी तार तिच्या हातात दिली, जुनं टोक स्वतः धरून ठेवलं. पहिला पीळ उलगडला. दुसराही. “अंगठा मागं घे,” नात म्हणाली, “आणि दाबू नकोस, नुसतं फिरव.”